बिननावाच्या एसथ्री कार्डाचे ड्रायव्हर

विंडोज ९५ च्या जुन्या मशीनमधल्या एका ग्राफिक्स कार्डासाठी, म्हणजे मॉनिटरवर चित्र पाठवणाऱ्या कार्डासाठी, ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्राम) शोधायचा होता, पण कार्डावर बनवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. मदरबोर्डाच्या पीसीआय खाचेत बसणारं कार्ड, मधोमध चौकोनी चिप, मेमरीसाठीची काही रिकामी सॉकेट, आणि कडेला एक स्टिकर, त्यावरचा आकडा अर्धा घासून गेलेला. जेवढा वाचता आला तेवढा सर्चमध्ये टाकला, तर पहिल्या पानभर त्याच त्या ‘ड्रायव्हर डाउनलोड’ साइट. त्यांच्याकडे जगातल्या प्रत्येक आकड्याचा ड्रायव्हर असतो. मी मुद्दाम एक आकडा मनाने बदलून टाकला, तर त्याचाही निघाला! बटण दाबलं की हाती येतो तो त्यांचा स्वतःचा ‘अपडेटर’, आणि तो विंडोज ९५ वर चालतही नाही. या साइटकडे ढुंकूनही बघू नये, एवढं सांगून पुढे जातो.

चिपवर मात्र सगळं छापलेलं होतं. चिप बनवणाऱ्या कंपनीचं नाव एसथ्री, चिपचं नाव व्हर्ज/डीएक्स, तिचा आकडा ८६सी३७५, आणि त्याखाली ९७ ने सुरू होणारा चार आकडी कोड. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन त्या वर्षातल्या आठवड्याचे. एवढं कळलं म्हणजे काम बरंच सोपं होतं. त्या काळात चिप बनवणारी कंपनी वेगळी आणि कार्ड बनवणाऱ्या कंपन्या ढीगभर, असा कारभार होता. एसथ्रीने चिपबरोबर बोर्डाचा नमुना आणि ड्रायव्हरही द्यायचा. कार्डवाल्यांनी तो नमुना थोडाफार बदलून बोर्ड छापायचे, ड्रायव्हरच्या डिस्कवर स्वतःचा लोगो चिकटवायचा आणि खोक्यात घालून विकायचं. म्हणून कार्डाचं कूळ कळलं नाही तरी ड्रायव्हर मिळतो. युटिलिटींचं (सेटिंग बदलायच्या छोट्या प्रोग्रामांचं) तसं नाही, त्याकडे नंतर येतो.

चिपवरचा छाप वाचता येत नसेल, किंवा वर हीटसिंक चिकटवलेला असेल, तर कार्डाच्या बायॉसलाच, म्हणजे कार्डावरच्या रॉममध्ये कायमच्या लिहिलेल्या प्रोग्रामलाच, विचारायचं. मला हा भाग सगळ्यात आवडतो. डॉसमध्ये डीबग हा मेमरीत डोकावायचा प्रोग्राम सुरू करायचा. समोर नुसती एक आडवी रेघ येते. तिथे ‘डी सी०००:०’ असं टाइप करून एंटर मारायचं. डावीकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरच्या, आकड्यांच्या ओळी आणि उजवीकडे त्यांचीच अक्षरं उमटतात. पहिले दोन बाइट ५५ आणि एए असले की समजायचं, इथे बायॉस आहे. तिसरा बाइट माझ्याकडे ४० होता. तो बायॉसची लांबी सांगतो, ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत. हेक्समधले ४० म्हणजे ६४ ठोकळे, म्हणजे ३२ केबी. उजव्या रकान्यात थोडं पुढे ‘आयबीएम’ ही अक्षरं दिसतात. कार्डाचा आयबीएमशी काडीचाही संबंध नसतो, पण काही जुने प्रोग्राम त्या जागी तीच अक्षरं आहेत का ते तपासायचे, म्हणून सगळेच ती तिथे ठेवत. नुसतं ‘डी’ दाबत खाली गेलं की एसथ्रीचं नाव, चिपचा आकडा आणि बायॉसची आवृत्ती सापडते. हे सगळे ३२ केबी मी एका फाइलमध्ये उतरवून ठेवले. कार्डाचा रॉम कधी बिघडला तर ती फाइल कामाला येईल.

दुसरी खूण पीसीआयची. प्रत्येक पीसीआय कार्ड स्वतःबद्दल दोन आकडे सांगतं, एक कंपनीचा आणि एक चिपचा. त्या काळातले बरेच मदरबोर्ड चालू होताना शेवटच्या तक्त्यात हे आकडे दाखवतात. पॉजची कळ वेळेवर दाबता आली पाहिजे, एवढंच. माझ्याकडे ५३३३ आणि ८ए०१ आले. यातले ५३३३ म्हणजे एसथ्री, आणि तो आकडा असाच निवडलेला नाही. अक्षरांना आकडे देणाऱ्या आस्की कोडमध्ये ‘एस’ या अक्षराचा हेक्स आकडा ५३ आणि तीनचा ३३. कंपनीने स्वतःचं नावच नंबर म्हणून घेतलं! ८ए०१ हा आकडा मात्र व्हर्ज/डीएक्स आणि व्हर्ज/जीएक्स या दोघांचा एकच आहे, त्यामुळे दोघांपैकी कोण ते चिपवरूनच ठरवावं लागतं. ड्रायव्हरला त्याने फरक पडत नाही. सुरुवातीच्या साध्या व्हर्जचा आकडा मात्र वेगळा आहे, ५६३१. तो लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता मूळ कंपनीच्या साइटकडे. एसथ्रीने १९९९ मध्ये डायमंड मल्टिमीडिया ही कार्डवाली कंपनी आपल्यात घेतली, २००० मध्ये नाव बदलून सोनिकब्लू केलं, ग्राफिक्सचा धंदा व्हियाकडे दिला, आणि २००३ मध्ये सोनिकब्लूने दिवाळखोरी पुकारली. एवढ्या उलथापालथीत जुन्या ड्रायव्हरचं पान कोण सांभाळणार! म्हणून जुनी वेबपानं जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर गेलो. तिथे १९९६ पासूनची पानं आहेत. एसथ्रीची त्या वर्षांतली पानं उघडली. पान नीट दिसतं, ड्रायव्हरची यादी दिसते, तारीख दिसते, फाइल किती बाइटची तेही दिसतं. लिंकवर क्लिक केलं की काही नाही. तेव्हा बहुतेक कंपन्या फाइली वेबपानांपासून वेगळ्या, एफटीपी म्हणजे नुसत्या फाइलींच्या सर्व्हरवर ठेवत, आणि वेबॅकने जमवली ती मुख्यतः वेबपानं. पान उरलं, फाइल गेली.

इथे पुष्कळ जण हात टेकतात. पण त्या पानावरून फाइलचं नेमकं नाव आणि नेमकी साइज मिळते, आणि पुढचा शोध या दोन गोष्टींवरच चालतो. कार्डाचं किंवा चिपचं नाव टाकून शोधलं तर हजार भलत्या गोष्टी येतात. आठ अक्षरांचं विचित्र फाइलनाव टाकलं तर मोजकेच निकाल येतात आणि त्यातले बहुतेक कामाचे असतात. नव्वदच्या दशकात मासिकांबरोबर सीडी यायच्या, शेअरवेअरच्या (आधी वापरा, मग पैसे द्या) सीडी वेगळ्या विकल्या जायच्या, काही सीडी तर नुसत्या ड्रायव्हरच्याच असायच्या. अशा कितीतरी सीडींच्या प्रती आता आर्काइव्हवर आहेत, आणि सोय अशी की आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची प्रत) पूर्ण न उतरवता आत काय काय आहे ते बघता येतं. माझी फाइल अशाच एका सीडीच्या व्हिडिओ नावाच्या डिरेक्टरीत, तिच्या आत एसथ्रीच्या डिरेक्टरीत बसलेली होती. दुसरी प्रत एका जुन्या एफटीपी सर्व्हरच्या साठ्यात मिळाली. दोन्हींची साइज जुन्या पानावरच्या आकड्याशी जुळली, चेकसमही (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेले ओळखीचे आकडे) एकमेकांशी जुळले. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या प्रती हुबेहूब असल्या की मध्ये कुणी काही घुसडलं नाही असं मानायला हरकत नाही. तरीही व्हायरसची तपासणी केलीच.

तिसऱ्या एका ठिकाणीही त्याच नावाची फाइल मिळाली, पण साइज वेगळी. ती खोटी नव्हती. नवी आवृत्ती काढायची आणि जुन्याच नावाने सर्व्हरवर चढवायची, ही त्या काळातली सर्रास पद्धत होती. नाव एकच, आत माल वेगळा. म्हणून मी दोन्ही ठेवल्या, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, आतल्या फाइलींची तारीख फोल्डरच्या नावात घालून. शेवटची आवृत्ती सगळ्यात चांगली, असं जुन्या ड्रायव्हरच्या बाबतीत मी मानत नाही. शेवटच्या आवृत्त्या बऱ्याचदा कंपनीने पुढच्या चिपसाठी लिहिलेल्या असतात, जुन्या चिपला त्यात नुसतं ओढून घेतलेलं असतं.

उतरवलेली फाइल ईएक्सई होती, स्वतःच उलगडणारी. आजच्या ६४ बिटी विंडोजवर ती चालवली तर ‘हा प्रोग्राम या मशीनवर चालणार नाही’ असा निरोप येतो, कारण उलगडणारा भाग १६ बिटी आहे. फाइल खराब आहे असं समजून टाकून देऊ नका. सेव्हन-झिपने ती सरळ उघडते, कारण आत साधी झिपच असते. आत शेवटी अधोरेषा असलेल्या फाइली असतील तर त्या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने दाबलेल्या असतात. विंडोजमधलं एक्स्पांड त्या उलगडतं, आणि इन्स्टॉल करताना विंडोज ते आपोआप करतं. जुन्या मशीनवरच पीकेअनझिपने उघडणार असाल तर ‘-डी’ हा स्विच द्यायला हवा, नाहीतर आतल्या सगळ्या डिरेक्टऱ्या मोडून फाइलींचा एकच ढीग होतो आणि सेटअपला काहीच सापडत नाही.

आता आयएनएफ फाइल. ड्रायव्हर आपल्या कामाचा आहे की नाही हे इन्स्टॉल न करता कळतं, ते हिच्यामुळे. ती साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. सगळ्यात वर सिग्नेचरची ओळ असते. तिथे ‘शिकागो’ असेल तर ड्रायव्हर विंडोज ९५च्या घराण्यातला, कारण शिकागो हे ९५चं बाजारात येण्याआधीचं नाव. ‘विंडोज एनटी’ असेल तर एनटीचा. विंडोज ३.१च्या ड्रायव्हरमध्ये ओईएमसेटअप नावाची आयएनएफ असते आणि तिची मांडणी निराळीच. फाइलींच्या शेपटांवरूनही अंदाज येतो. डीआरव्ही आणि व्हीएक्सडी दिसले तर ९५, नुसते एसवायएस आणि डीएलएल दिसले तर बहुधा एनटी.

मग त्याच फाइलमध्ये ५३३३ शोधायचं. पीसीआय शब्दानंतर ‘व्हेन’ पुढे कंपनीचा आकडा, ‘डेव्ह’ पुढे चिपचा, अशा ओळी सापडतात. मला मिळालेल्या एका पॅकेजवर ठळक ‘व्हर्ज’ असं नाव होतं, पण आत फक्त ५६३१ होता, ८ए०१ कुठेच नाही. म्हणजे तो पहिल्या व्हर्जचा ड्रायव्हर, डीएक्स बाजारात यायच्या आधीचा. विंडोजला अशी डिस्क दाखवली तर ते योग्य ड्रायव्हर नाही म्हणून नकार देतं. मग लोक ‘सगळी उपकरणं दाखवा’वर क्लिक करून जबरदस्तीने बसवतात, आणि पुढच्या वेळी मशीन काळ्या पडद्यावर थांबतं. तसं झालंच तर चालू करताना एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जायचं आणि डिव्हाइस मॅनेजरमधून कार्ड काढून टाकायचं. पण एका आकड्यासाठी आयएनएफ वाचायला दोन मिनिटं लागतात, तीच द्यावीत.

इन्स्टॉलचं फार सांगण्यासारखं नाही. योग्य फाइली सीडीवर लिहिल्या, डिव्हाइस मॅनेजर, ‘हॅव डिस्क’, पुन्हा सुरू. सोळा रंगांतलं ६४०×४८० जाऊन व्यवस्थित रंग आले. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, कारण तिच्यापायी लोक मोडेमला शिव्या देतात. एसथ्रीच्या चिपांनी आयबीएमच्या १९८७ मधल्या ८५१४/ए या कार्डाचे काही पत्ते वारशाने घेतले आहेत, आणि त्यातला २ई८ हा कॉम४ या सीरियल पोर्टचाही पत्ता आहे. मशीनमध्ये कॉम४वर मोडेमसारखं काही लावलं आणि ते विचित्र वागायला लागलं, तर बिघाड मोडेममध्ये शोधत बसू नये. पोर्ट बदलावा.

ड्रायव्हर बसला, पण सीआरटी मॉनिटरवर चित्र फडफडत होतं. रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढलं जातं तो आकडा, होता ६० हर्ट्झ. सपाट एलसीडीला ६० पुरतात, सीआरटीला ७५ तरी हवेत. विंडोज ९५च्या पहिल्या आवृत्तीत रिफ्रेश रेट बदलायची स्वतःची सोयच नाही. ती द्यायची कार्डवाल्याच्या युटिलिटीने. डिस्प्लेच्या खिडकीत ती आपलं एक पान घुसवायची, त्यात रिफ्रेश, चित्र डावी-उजवीकडे सरकवणं वगैरे. आणि इथे घोडं पेंड खातं. ड्रायव्हर चिपचा असतो म्हणून टिकतो, कारण तो पन्नास ठिकाणी पसरलेला असतो. युटिलिटी कार्डवाल्याची असते आणि त्याच्याच खोक्यातल्या डिस्कवर असते. माझ्या कार्डवाल्याचं नावच ठाऊक नाही, तर त्याची डिस्क कुठून आणू? बोर्डावर एफसीसी आयडी, म्हणजे अमेरिकेतल्या एफसीसी या सरकारी संस्थेचा क्रमांक, असता तर त्याच्या पहिल्या तीन अक्षरांवरून मूळ अर्जदार शोधता आला असता, पण तोही नव्हता.

शेवटी एसथ्रीच्याच मूळ पॅकेजात, ड्रायव्हरच्या शेजारी, रिफ्रेशची एक छोटी वेगळी डिरेक्टरी सापडली. सेटअप तिला हातही लावत नाही, तिचं इन्स्टॉल वेगळं करावं लागतं. म्हणून सांगतो, पॅकेज पूर्ण उलगडून प्रत्येक कोपरा बघा, रीडमी फाइली तर नक्कीच. ते पान आल्यावर मात्र जोरात आकडा वाढवू नये. ८००×६०० ला ७५ हर्ट्झ मागितले तर मॉनिटरला आडवी वारंवारता सुमारे ४७ किलोहर्ट्झ लागते. १०२४×७६८ ला तेच ७५ मागितले तर ६०. पंधरा इंची जुन्या मॉनिटरला हे झेपेलच असं नाही. मागच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते, ती आधी पाहावी. मॉनिटर शिट्टी मारायला लागला तर ताबडतोब बंद करावा.

डॉसचं दुखणं वेगळं. विंडोजचा ड्रायव्हर डॉसला काही देत नाही, तिथे सगळं कार्डाच्या बायॉसवर. मोठ्या रेझोल्यूशनसाठी डॉसचे खेळ व्हीबीई, म्हणजे व्हेसा या संस्थेने ठरवलेली बायॉसशी बोलायची पद्धत, वापरतात, आणि माझ्या कार्डाच्या बायॉसमध्ये व्हीबीई १.२ होतं, म्हणजे १९९१चं. त्यात कार्डाची मेमरी ६४ केबीच्या खिडकीतून तुकड्या-तुकड्याने दिसते आणि प्रोग्रामला ती खिडकी सतत सरकवत बसावी लागते. १९९४च्या व्हीबीई २.० मध्ये सगळी मेमरी सलग, एका रांगेत मिळते. १९९६ च्या आसपासचे बरेच खेळ तीच मागतात आणि नसली तर ६४०×४८० चा पर्यायच दाखवत नाहीत.

यावर उपाय सायटेक कंपनीचं युनिव्हीबीई. पुढे ते डिस्प्ले डॉक्टर या नावाने निघालं. आधी यूव्हीकॉन्फिग चालवायचं, ते चिप ओळखून नोंद करतं, मग युनिव्हीबीई मेमरीत बसतं आणि बायॉसच्या जागी स्वतः उत्तरं देतं. शेअरवेअर असल्यामुळे ते जिथे-तिथे सापडतं, काही डॉस खेळांच्या सीडीवरसुद्धा. पण खेळाच्या सीडीवरची प्रत जुनी असेल आणि कार्ड तिच्यानंतरचं असेल, तर ते चिप ओळखत नाही किंवा भलतीच चिप समजतं. डीएक्ससाठी १९९७ नंतरची आवृत्ती घ्यावी. डिस्प्ले डॉक्टरमध्ये डॉसच्या मोडचा रिफ्रेश आणि चित्राची जागाही बदलता येते. हरवलेल्या डिस्कवरच्या निम्म्या गोष्टी त्यामुळे परत मिळाल्या. याशिवाय फक्त एसथ्रीच्या चिपांसाठी लिहिलेला एक चिमुकला मेमरीतला प्रोग्रामही आहे, एसथ्रीव्हीबीई२० नावाचा. माझ्या मते व्हर्जसाठी आधी तोच करून पाहावा. मेमरी कमी खातो आणि उगीच शहाणपणा करत नाही.

थ्रीडीचं काय, असं कुणी विचारेलच. व्हर्जला तेव्हा थट्टेने ग्राफिक्स ‘डिसिलरेटर’ म्हणत, आणि ते फारसं चूक नव्हतं. पण माझ्या कार्डाची अडचण वेगाच्या आधीच सुरू होते. मेमरी २ एमबी. ६४०×४८० मध्ये १६ बिट रंगाचं एक चित्र ६,१४,४०० बाइट खातं. दिसणारं एक, मागे तयार होणारं एक आणि खोलीच्या मोजमापाचा झेड-बफर तेवढाच, असे तीन मिळून १८,४३,२०० होतात. २ एमबीतून ते वजा केले की टेक्स्चरसाठी, म्हणजे वस्तूंवर चिकटवायच्या चित्रांसाठी, जेमतेम २४८ केबी उरतात. त्यामुळे काही थ्रीडी खेळ सुरू होतानाच मेमरी कमी म्हणून बाहेर पडतात, आणि लोक ड्रायव्हर बदलत बसतात. तिथे ड्रायव्हर काही करू शकत नाही. ५१२×३८४ वर येणं किंवा त्या रिकाम्या सॉकेटांत योग्य ईडीओ मेमरी चिपा बसवणं, एवढेच मार्ग. एसथ्रीची स्वतःची एसथ्रीडी नावाची पद्धत वापरणाऱ्या मोजक्या खेळांच्या खास आवृत्त्या आहेत. त्या बऱ्याचदा कार्डाबरोबर फुकट दिल्या जात, म्हणून त्याही आता खेळांच्या साठ्यात न शोधता ड्रायव्हरच्या सीडींमध्ये शोधाव्या लागतात.

खेळांसाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सबद्दल एकच. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या बसताना स्वतःबरोबर आणलेले डिस्प्ले ड्रायव्हर वर चढवू पाहतात. विचारलं तर नाही म्हणावं, आणि बसल्यावर ड्रायव्हरची तारीख एकदा पाहावी. विंडोज ९५ साठी ८.०ए ही शेवटची आवृत्ती आहे, पण या कार्डाला तिथपर्यंत जायची गरज नाही.

सगळं बसल्यावर कॉन्फिग.सिस या, मशीन चालू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये मेनू केला. पहिल्या पर्यायात साधं विंडोज. दुसऱ्यात डॉस आणि एसथ्रीव्हीबीई२०, तिसऱ्यात डॉस आणि युनिव्हीबीई, चौथ्यात नुसतं डॉस. चौथा लागतो, कारण काही जुने खेळ कार्डाच्या रजिस्टरांशी थेट बोलतात आणि मध्ये कुणी बसलेलं त्यांना चालत नाही. तिसरा मी हल्ली फक्त मॉनिटरवर चित्र सरकलेलं असलं तरच घेतो.